खालच्या आडाचं पाणी

पाण्याला रंग नसतो, वास नसतो आणि चव नसते, असं आपल्याकडून शाळेत घोकून घेतलं होतं. रंगावासाचं राहू द्या, पण चवीची गोष्ट सपशेल खोटी निघाली. विश्वास बसत नसेल, तर २०४५ साली ज्याच्या घरात ऐंशीच्या आसपासचं माणूस होतं त्याला विचारा.

झालं होतं असं. लागोपाठ तीन दुष्काळ पडले, तेव्हा सरकारनं एकदाची कंबर कसली. समुद्राचं पाणी गोडं करून, वापरलेलं पाणी पुन्हा शुद्ध करून, ते एकाच जाळ्यातून अख्ख्या राज्याला पुरवायला सुरुवात केली. नाव ठेवलं ‘एकजल’. मालवणात नळ सोडा नाहीतर गडचिरोलीत, पाणी तेच. कावीळ गेली, मुतखडे कमी झाले, बायकांच्या डोक्यावरचे हंडे गेले. लोकांनी सरकारला दुवा दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. फक्त तीन-चार वर्षांत घरोघरची म्हातारी माणसं पाणी प्यायची बंद झाली.

डॉक्टर आधी म्हणाले, वय झालं. मग कुणीतरी घशातल्या नसांचा नीट अभ्यास केला तेव्हा उलगडा झाला. प्यालेलं पाणी अंगात जिरायला बराच वेळ लागतो, पण तहान मात्र चार घोटांत भागते. कारण घशातल्या नसा मेंदूला आधीच कळवून टाकतात, की बाबा, पाणी आलं. हे पाणीच आहे अशी त्यांची खात्री पटते ती पाण्यातल्या क्षारांवरून, आणि तीही जन्मभर जे पाणी प्यालो त्याच्या क्षारांवरून. तरुणपणी तहानच इतकी सणसणीत असते की ओळख पटो न पटो, माणूस ढसाढसा पितो. म्हातारपणी तहान मंदावते. मग अनोळखी पाणी घशाखाली उतरलं तरी मेंदूला निरोप जात नाही, प्याल्याचं समाधान वाटत नाही, आणि दोन घोटांत नको नको होतं. या दुखण्याला लोकांनी डॉक्टरांच्या आधीच नाव देऊन टाकलं होतं. म्हणायचे, ‘आमच्या आजीचं पाणी तुटलं.’

विशाखा जोगदंडच्या मायचं पाणी तुटून आठ महिने झाले होते.

विशाखा पुण्यात लिफ्ट तपासनीस होती. वय एक्कावन्न, लग्न केलेलं नाही, घरात ती आणि गयाबाई, म्हणजे तिची माय. मराठवाड्यातल्या सावरगव्हाणमधून चौपदरी रस्ता गेला, त्यात घर गेलं, आड गेला, तेव्हा चार वर्षांपूर्वी माय नाइलाजानं पुण्याला आली. पहिल्या दिवशी नळाचं पाणी पिऊन म्हणाली, “पोकळ हाय.” तेच पालुपद पुढं चालू राहिलं, आणि तहान मंदावली तसं पिणंच सुटलं. विशाखानं सरबत करून पाहिलं, ताक करून पाहिलं, रागावून पाहिलं, पाया पडून पाहिलं. माय तोंडदेखले दोन घोट घ्यायची आणि पेला सरकवून द्यायची. दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या वेळी डॉक्टर नेवगींनी विशाखाला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, “दिवसाला निदान आठ पेले पाणी पोटात गेलं पाहिजे. तिसऱ्यांदा आणलंत तर मूत्रपिंडं पुन्हा उभी राहतील असं धरून चालू नका.”

अशात नागपूरची फिरती आली. चाळीस मजली इमारतीच्या बारा लिफ्ट, तीन दिवसांचं काम. मायला सांभाळणारी बाई भाचीच्या लग्नाला गेलेली. आता करणार काय? विशाखानं मायलाही गाडीत घातलं.

हॉटेलचं नाव ‘आमराई’. आवारात आंब्याचं झाड औषधालासुद्धा नव्हतं. काउंटरवर एक साठीचे गृहस्थ होते, पांढऱ्या मिशा, छातीवर ‘वामनराव बोरघरे, पाणी विभाग’ अशी पट्टी. त्यांनी आधार कार्ड मागायच्या आधी विचारलं, “गाव कोणतं जी तुमचं?”

“पुणे.”

“तसं नाही मॅडम. मूळ गाव. ज्या गावचं पाणी प्याले ते.”

विशाखानं सावरगव्हाण सांगितलं, तालुका, जिल्हा सांगितला. वामनरावांनी यंत्रात पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. “आहे नं! पत्रिका आहे. अर्ध्या घंट्यात तुमच्या खोलीतल्या नळाले गावचं पाणी येते पाहा.”

“म्हणजे?” विशाखाचा आवाज एकदम चढला. “खरंच गावचं?”

“बाप्पा, म्हणजे टँकर नाही येत तिथून!” वामनराव हसले. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. खाली तळघरात कपाटाएवढं यंत्र आहे. एकजलात मुळात काहीच नसतं, कोरी पाटी. त्यात अठरा नळकांड्यांतून अठरा तऱ्हेचे क्षार थेंबाथेंबानं सोडतात. किती सोडायचे ते कळतं पत्रिकेवरून. वीस-बावीस वर्षांपूर्वी सरकारनं गावोगावच्या भूजलाची पाहणी केली होती, गावागणिक एक बाटली तपासली होती. तीच पाण्याची पत्रिका. “फिरतीवरच्या माणसाले आपण घरच्यासारखं जेवण देतो, म्हटलं घरचं पाणी काऊन नाही?”

विशाखाला हे ऐकताना धीर धरवेना. आठ महिने जे मिळत नव्हतं, ते असं काउंटरवर चावीबरोबर मिळत होतं.

खोलीत माय पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं गादी दाबून पाहिली. “एवढ्या गादीत मानसानं निजायचं का पवायचं गं?” विशाखाचं लक्षच नव्हतं. तिनं नळ सोडला, पेला भरला आणि आधी स्वतः तोंडाला लावला.

पाणी गार, गोड, घशातून उतरताना कसं सुख देणारं. विशाखा सातव्या वर्षीच तालुक्याच्या वसतिगृहात गेली होती. गाव म्हणजे तिच्यासाठी सुट्टीतलं गाव. पण त्या एका घोटानं तिच्या डोळ्यांपुढं सगळं उभं राहिलं. रहाटाची कुरकुर, बायांचा कालवा, मायच्या कमरेवरचा हंडा आणि हिंदकळून ओला झालेला तिचा पदर, तो धरून चालणारी आपण. डोळ्यांना धार लागली. किती वर्षांत ती अशी रडली नव्हती.

“माय, पी गं. आपल्या गावचं आहे.”

मायनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं, पेला घेतला. घोट घेऊन तोंडात घोळवला. मायनं घोट गिळला, पेला टेबलावर ठेवला आणि तोंड पदरानं पुसलं.

“हे वरल्या आडाचं हाय,” ती म्हणाली.

“असेल. गावचंच ना?”

“ग्वाड हाय की. आपलं कुठं ग्वाड व्हतं? मला नगं हे.”

“माय, आता पुरे हां! गोड आहे तर चांगलंच आहे की. पी म्हणते ना!”

“न्हाई पेनार,” माय म्हणाली. आणि जे तिनं लेकीला पन्नास वर्षांत सांगितलं नव्हतं, ते त्या भल्या मोठ्या गादीवर बसून सांगितलं.

“लगीन होऊन आले, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात वढ्यातला झिरा आटला. आपल्या वस्तीला तेवढाच झिरा व्हता. वरल्या आडाला हात लावायची सोय न्हवती आपल्याला. घागर घेऊन आडाखाली बसायचं. कुनाला दया आली तर त्यांनी वरून वतायचं. म्या सकाळी जाऊन बसले, उन्हं डोक्यावर आली. बाया येत व्हत्या, भरून जात व्हत्या, माझ्याकडं बगत बी न्हवत्या. मग एका म्हातारीनं वतलं. म्या आदी वंजळ धरली अन् पेले. काय सांगू विशे, इतकं ग्वाड पानी म्या जल्मात पेलं न्हवतं. अन् मला रडू आलं. राग आला. पानी ग्वाड लागलं ह्याचाच राग आला.”

विशाखा खुर्ची ओढून समोर बसली. “मग?”

“मग काय? घरी येऊन तुझ्या बापाला सांगितलं. त्यानं कुदळ घेतली. त्यो, लिंबाजी, धोंडिबा. तिघं खांदत व्हते, आमी बाया माती उपसत व्हतो. दोन उन्हाळे गेले. मग लागलं पानी. खालचा आड. अन् निघालं काय तर मचूळ! डाळ शिजंना, साबन फेसंना. वरले हसले आमाला. हसू द्या म्हनलं. कवा बी जावं, आपल्या हातानं रहाट फिरवावा, पायजे तेवढं भरावं. चाळीस वर्सं तेच पेलं म्या.”

विशाखाला स्वतःची लाज वाटली. ज्या पाण्यासाठी ती ढळाढळा रडली होती, ते तिच्या घरात कधी आलंच नव्हतं. हॉटेलवाल्यानं ‘गावचं’ म्हणून हातात दिलं आणि तिनं आपल्या आठवणी त्याला चिकटवल्या. रहाट, हंडा, ओला पदर, सगळं खरं होतं, पण ते खालच्या आडावरचं होतं.

दुसऱ्या दिवशी सहा लिफ्ट तपासून ती दुपारीच हॉटेलवर परतली. सकाळपासून मायच्या पोटात दीड पेला पाणी गेलं होतं, ओठांना चिरा पडल्या होत्या. विशाखानं वामनरावांना गाठलं आणि काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

वामनरावांनी सगळं ऐकून घेतलं. “खरं आहे जी. पाहणीवाले मुख्य आडाचं पाणी घेऊन गेले असतीन. दुसरा आड आहे का म्हणून विचारलं कोणी?” त्यांनी डोकं खाजवलं. “पण मॅडम, पत्रिका नाही तर यंत्र काय करीन? त्या आडाची एखादी बाटली? नाहीतर जुना हंडा? आतून पांढरा थर बसते नं, त्याच्यावरून काढता येते.”

“रस्त्याच्या वेळी सगळी भांडी मोडीत गेली.”

“मग कठीण आहे.”

मायला खालीच आणून सोफ्यावर बसवलं होतं. ती म्हणाली, “कशाला पायजे हंडा? म्या सांगते की. तुमी मीठमसाला टाका, म्या चव बगते.”

वामनराव तिच्याकडं बघतच राहिले. मग खो खो हसले. “हौ माय, चला! चाळीस वर्षांचा अनुभव कोणत्या यंत्राजवळ आहे?”

तळघरात मायला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. समोर यंत्र, त्याला एक छोटा नळ. वामनरावांनी विशाखाला गावाकडची जमीन कशी होती ते विचारलं, त्यावरून एक अंदाज बांधला आणि चमचाभर पाणी काढून दिलं.

“अळनी,” माय म्हणाली.

वामनरावांनी मीठ वाढवलं. “आता?”

“खारट झालं. खारट न्हवं, जड पायजे. जिबंवर बसलं पायजे.”

“म्हणजे चुना पायजे,” असं म्हणून वामनरावांनी कॅल्शियम चढवलं, मग मॅग्नेशियम. माय चमचा चाखायची, घोळवायची, बादलीत थुंकायची. सुनेच्या हातची आमटी तपासावी अशा थाटात तिचं चाललं होतं. आठ महिन्यांत विशाखानं तिला इतकी हुशारीत पाहिलं नव्हतं. तासाभरात पंधरा-सोळा चमचे झाले.

“आलंय जवळ,” माय डोळे मिटून म्हणाली. “पन शेवटाला गंज लागत न्हाई. आमचा पानी शेंदायचा पव्हरा डांबराच्या पिपाचा केल्याला व्हता. पयलं वरीस तर डांबराचा वास मारायचं पानी.”

“डांबर नाही जी माझ्याजवळ,” वामनराव गंभीरपणे म्हणाले, “पण लोखंड आहे.” त्यांनी लोहाचा अंश सोडला, मॅग्नेशियम आणखी चढवलं आणि बटण दाबलं. पाणी आलं नाही. यंत्रातून गोड आवाज आला, “क्षमस्व. हे मिश्रण पिण्यायोग्य मर्यादेबाहेर आहे.”

“काय म्हनती ती?” मायनं विचारलं.

“हे पाणी पिण्याजोगं नाही म्हणते.”

“चाळीस वर्सं पेलं की! तिला म्हनावं, तू गप.”

पण यंत्र गप बसेना. क्षार मर्यादेच्या दुपटीला टेकले होते. वामनरावांनी सांगितलं की कुलूप उघडता येतं, पण त्यासाठी पाहुण्याला लिहून द्यावं लागतं, की धोका समजला, जबाबदारी माझी. आणि इथं विशाखा अडली. चोवीस वर्षांच्या नोकरीत तिनं एका लिफ्टमध्ये एक माणूस जादा चढू दिला नव्हता. मोठमोठे बिल्डर हात जोडून गेले होते. मर्यादा म्हणजे मर्यादा, तिच्या पलीकडं माणसाचा जीव टांगणीला असतो, हे ती शिकाऊ पोरांना सांगत आली होती. आता मर्यादेच्या अलीकडंही मायचा जीव टांगणीला होता आणि पलीकडंही. थकलेल्या मूत्रपिंडांवर हे असलं पाणी घालायचं? आणि नाही घातलं तर?

तिनं डॉक्टर नेवगींना फोन लावला. त्यांनी एकेक आकडा विचारून घेतला. फ्लोराइड नाही ना, नायट्रेट नाही ना? नाही. नुसते चुना, मीठ, लोह, मॅग्नेशियम? हो. मग ते म्हणाले, “विशाखाताई, ती मर्यादा जन्मभर पिणाऱ्यासाठी आखलेली असते. हे पाणी चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. पण कोरड्या मूत्रपिंडांपेक्षा चांगलं आहे. आठवड्याला रक्त तपासू, हळूहळू क्षार उतरवू. निर्णय तुमचा.”

विशाखानं फोन ठेवला. मायनं विचारलं, “काय म्हनतो डाक्टर?”

“म्हणतो, मी ठरवायचं.”

“मग ठरव की बाई. का आता त्यालाबी कुनी वरून सांगायला पायजे?”

विशाखानं पडद्यावर सही केली. कुलूप उघडलं, पण यंत्राचं अजून समाधान झालं नव्हतं. नवीन पत्रिका म्हटल्यावर स्रोताचं नाव हवं. वामनरावांनी ‘सावरगव्हाण’ टाकलं, तर यंत्र म्हणालं, हे गाव आधीच नोंदलेलं आहे.

“लिहा, सावरगव्हाण, खालचा आड,” विशाखा म्हणाली. “आणि पुढं, खोदणारे, माझे वडील आश्रुबा जोगदंड, लिंबाजी, धोंडिबा. माती उपसणाऱ्या बायका कोण कोण गं माय?”

“चंद्रभागा व्हती. ठकूबाई व्हती.”

“आणि तू.”

“माझं कशाला?”

“लिहा वामनराव, गयाबाई जोगदंड.”

वामनरावांनी लिहिलं. “क्षारांचे आकडे लिहून देतो जी, पुण्याले घरीही मोजून टाकता येते. आता शेवटचं मॅडम. ही पत्रिका तुमच्यापुरतीच ठेवायची का गावच्या सगळ्यांसाठी खुली?”

“आमच्यापुरती,” विशाखा ताडकन म्हणाली. कालपासूनचा सगळा राग त्या एका शब्दात आला.

“सगळ्यांला लाव,” माय म्हणाली.

“माय, त्यांनी तुला उन्हात बसवून ठेवलं होतं!”

“बसवलं. पन आड आपला हाय नव्हं? मग कुनाला द्यायचं ते म्या ठरवनार. लावा वो दादा, सगळ्यांला.”

वामनरावांनी मान लववली आणि बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं. मायनं लेकीचा हात बाजूला केला, पेला स्वतः नळाखाली धरला, काठोकाठ भरू दिला आणि तोंडाला लावला.

पहिल्याच घोटाला तिचं तोंड आंबट झालं. “शी! काय मेलं मचूळ पानी हे! मानसानं प्यावं का जनावरानं!” असं म्हणून तिनं तो पेला घटाघट रिकामा केला, ढेकर दिला आणि पुन्हा नळाखाली धरला. दुसरा पेला. मग तिसरा, जरा दमानं. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी तिनं पुसलंसुद्धा नाही. विशाखा यंत्राला टेकून उभी राहिली आणि हसू लागली; हसता हसता तिला हुंदका आला तो तिनं आवरला नाही. वामनरावांनी तोंड फिरवून विनाकारण एक नळकांडं तपासलं.

“तू बी घे की,” माय म्हणाली.

विशाखानं घोट घेतला आणि तो तिच्या घशाखाली उतरेना. खारट, जड, शेवटाला गंजाची चव. काय होतं हे! “माय, हे पीत होतो आपण?”

“पीत व्हतो म्हंजे! तू तर सुट्टीला आलीस की पयल्या दिशी थयथयाट करायचीस. मग म्या म्हनायचे, नाक धर अन् पी.”

विशाखाला यातलं काही आठवत नव्हतं. पण तिचा डावा हात मात्र वर गेला होता, आणि दोन बोटांनी तिनं नाक धरलं होतं. माय खुदकन हसली. विशाखानं डोळे मिटले आणि पेला तळापर्यंत पिऊन टाकला.